हक्काची जागा : अमेरिकी महाविद्यालय-प्रवेशातील एका शब्दाचा इतिहास

अमेरिकेत बारावी इयत्तेत शिकणारा विद्यार्थी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एक यादी करायला बसतो. पुढच्या वर्षी कोणकोणत्या महाविद्यालयांकडे अर्ज करायचा त्याची ही यादी. तिचे तीन भाग असावेत, असा तिथल्या शाळांतील समुपदेशकांचा सर्वमान्य सल्ला आहे. पहिल्या भागात 'रीच', म्हणजे जिथे प्रवेश मिळाला तर भाग्यच म्हणायचे अशी महाविद्यालये. दुसऱ्या भागात 'मॅच', म्हणजे आपल्या गुणांच्या तोलामोलाची. तिसऱ्या भागात 'सेफ्टी', म्हणजे जिथे आपल्याला नकार मिळणार नाही याची जवळजवळ खात्री आहे अशी एकदोन नावे. तिन्ही भाग प्रमाणात असले की यादी 'संतुलित' झाली.

या तिसऱ्या भागातील शब्दापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधू गेल्यास 'सुरक्षित' हा कोशातला शब्द हाती येतो. पण बोलण्यात आपण तसे म्हणणार नाही. आपण म्हणू, 'हक्काची जागा'. दोन्ही शब्दांचा व्यवहारातला अर्थ एकच, पण त्यांची मुळे निराळ्या जमिनीत आहेत. 'सुरक्षित' म्हणताना मनात धोका असतो. कोठून तरी पडण्याची शक्यता गृहीत धरून खाली अंथरलेले ते जाळे असते. 'हक्काचे' म्हणताना मनात अधिकार असतो. ते कोणीतरी आपल्याला देणे लागते. अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन अर्थांमध्ये हेलकावत आला आहे, असे आम्हांला दिसते. खात्रीची जागा ही समाजाने द्यायची हमी आहे की विद्यार्थ्याने आपल्यापुरता करायचा हिशेब, हा त्या इतिहासातला खरा प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. महाविद्यालये आपापली प्रवेशपरीक्षा घेत. लॅटिन, ग्रीक, गणित यांत ठरावीक तयारी असली की प्रवेश मिळे. एखाद्या विषयात कमतरता राहिली तर ती पुढे भरून काढण्याच्या अटीवरही अनेकांना आत घेतले जाई. अडचण होती ती प्रत्येक महाविद्यालयाच्या वेगळ्या परीक्षेची. ती दूर करण्यासाठी कॉलेज बोर्ड या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले मंडळ स्थापन झाले आणि १९०१ साली त्याच्या पहिल्या सामाईक परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. परीक्षा अवघड असे, आणि तिच्यासाठी लागणारे शालेय शिक्षण मोजक्याच घरांना परवडणारे असे, हे खरे. परंतु उंबरठा उघड होता. तो किती उंच आहे हे सर्वांना दिसत होते, आणि तो ओलांडणाऱ्याला सहसा कोणी परत पाठवीत नसे.

हे चित्र १९२०च्या दशकात पालटले, आणि ते का पालटले हे समजून घेणे आवश्यक आहे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले ही परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊ लागली होती. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार पुढे मांडला. उघड कोटा पद्धतीला प्राध्यापकांच्या समितीने संमती दिली नाही. मग तेच काम आडवळणाने झाले. १९२६ साली प्रथम वर्षाच्या वर्गाची संख्या सुमारे एक हजारावर सीमित करण्यात आली आणि निवडीत गुणांसोबत 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व यांना वजन मिळाले. अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. तुमचे किंवा तुमच्या वडिलांचे नाव जन्मानंतर बदलले आहे काय, असाही प्रश्न अर्जात आला. येल, प्रिन्स्टन, कोलंबिया यांनीही थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला. शिफारसपत्र, मुलाखत, शाळेबाहेरील कर्तबगारी ही आज सर्वांगीण मूल्यमापनाची साधने म्हणून गौरवली जातात. त्यांच्या जन्माची कथा ही अशी आहे. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द चोझन' या ग्रंथात ती सविस्तर सांगितली आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे अनिश्चितता जाणीवपूर्वक निर्माण करण्यात आली. परीक्षेचा उंबरठा दिसत होता. आता निवड एका बंद दाराआड जाऊन बसली. कोणाला का घेतले आणि कोणाला का नाकारले याचे उत्तर देण्याचे बंधन संस्थेवर उरले नाही. जिथे नियम दिसत नाही तिथे माणूस दुसरी सोय पाहून ठेवतो. 'सेफ्टी'ची गरज येथून सुरू होते.

ही दुसरी सोय तेव्हा काही ठिकाणी सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध होती. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज १८४७ साली 'फ्री अकॅडमी' म्हणून स्थापन झाले ते शहराच्या पैशावर, विनाशुल्क. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगार वस्त्यांतील ज्यू मुलांचे ते हक्काचे महाविद्यालय झाले. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क आणि अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे केनेथ अ‍ॅरो हे तिथले विद्यार्थी. दुसरीकडे रिचर्ड फाइनमन यांना ज्यूंसाठीच्या कोट्यामुळे कोलंबियाने प्रवेश नाकारला आणि १९३५ साली ते एमआयटीत दाखल झाले. अशा उदाहरणांवरून 'शेवटी गुणवत्ता आपली वाट काढतेच' असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्ही तो काढणार नाही. त्यांना वाट मिळाली, कारण दुसरे एखादे दार उघडे होते. ज्यांना असे दार मिळाले नाही त्यांची नावे इतिहासात येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर संख्येचा प्रश्न उभा राहिला. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. त्यांच्या पाठोपाठ युद्धोत्तर काळात जन्मलेल्या मुलांची मोठी पिढी आली. तरीही १९५०च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत होता. आज तेथील प्रमाण शंभरात चारच्या आसपास आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये जे घडले त्यात विद्यार्थ्यांच्या वाढत्या संख्येचा वाटा आहे, तसाच प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाढत्या अर्जांचाही आहे. दुसरीकडे प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्षात किती येतील हे महाविद्यालयांना कळेना; म्हणून त्यांनी प्रतीक्षायाद्या सुरू केल्या. नकाराची भीती विद्यार्थ्याला होती आणि महाविद्यालयालाही.

या दुहेरी अनिश्चिततेतून बाहेर पडण्याचा एक मार्ग गणितज्ञांनी त्याच काळात दाखवला होता. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा १९६२ सालचा प्रसिद्ध शोधनिबंध महाविद्यालयीन प्रवेशाच्या याच कोंडीपासून सुरू होतो. विद्यार्थ्यांनी आपले पसंतीक्रम द्यावेत, महाविद्यालयांनी आपले द्यावेत, आणि एका ठरावीक रीतीने फेऱ्या घेत गेल्यास कोणालाही तक्रारीला वाजवी जागा उरणार नाही अशी वाटणी होते, हे त्यांनी सिद्ध केले. अशा व्यवस्थेत यादीच्या तळाशी लिहिलेले नाव वरच्या नावांना धक्का लावत नाही. वरचे काहीच मिळाले नाही तरच ते वाट्याला येते. शॅप्ली यांना २०१२ साली अ‍ॅल्विन रॉथ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या प्रश्नापासून निबंध सुरू झाला त्या अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशाने मात्र ही रीत स्वीकारली नाही. गंमत अशी की, भारतात आयआयटी व एनआयटी यांच्या संयुक्त जागावाटपात २०१५पासून याच तत्त्वावर आधारलेली पद्धत वापरली जाते. आपल्याकडच्या पालकांना पसंतीक्रमाचा लांबलचक अर्ज कटकटीचा वाटतो. पण त्यातली शेवटची ओळ लिहायला वेगळे शुल्क पडत नाही, वेगळा निबंध लिहावा लागत नाही, ही सवलत लहान नव्हे.

दुसरा मार्ग राजकीय होता. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्चशिक्षणाचा बृहद् आराखडा स्वीकारला. क्लार्क केर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत आणि शिकण्याची क्षमता असलेल्या प्रत्येकाला दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत जागा, आणि तिथून पुढे विद्यापीठात जाण्याची वाट खुली, असे ते तीनमजली घर होते. आज विद्यार्थ्याच्या खासगी यादीत जे तीन भाग दिसतात, त्यांच्याशी या तीन मजल्यांचे साम्य डोळ्यांत भरते. फरक एवढाच की, येथे तळमजल्याची हमी राज्याने दिली होती. आपला मजला कोणता हे ओळखण्याचा जुगार मुलाला खेळावा लागत नव्हता. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने १९७० साली शहरातील प्रत्येक शालान्त विद्यार्थ्याला जागा देऊ केली, ती याच विचाराने.

हमी देणे सोपे असते, ती पाळायला पैसा लागतो. १९७६ साली न्यूयॉर्क शहराच्या आर्थिक संकटात सिटी कॉलेजची सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली विनाशुल्क शिक्षणाची परंपरा संपली. कॅलिफोर्नियातही १९७०नंतर शुल्क चढत गेले. तिथे पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला हव्या त्या आवारात जागा मिळाली नाही, तर जिथे शिल्लक असेल तिथे ती देऊ करण्याची प्रथा टिकून आहे, आणि २००५ साली सुरू झालेल्या मर्सेडच्या आवाराने हा भार मोठ्या प्रमाणात उचलला आहे. टेक्सासने १९९७ साली कायदा करून प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. परंतु ऑस्टिन येथील प्रमुख विद्यापीठापुरती ती आक्रसत गेली असून २०२६च्या प्रवेशांसाठी पहिल्या पाच टक्क्यांवर आली आहे. हक्काची जागा राहते, पण तिचा उंबरठा दरवर्षी थोडा वर सरकतो.

सार्वजनिक हमी अशी आक्रसत असताना खासगी हिशेबाची साधने मात्र वाढत होती. १९७५ साली १५ खासगी महाविद्यालयांनी एकच सामाईक अर्ज स्वीकारला. आज त्या अर्जाची सदस्यसंख्या हजारावर गेली आहे आणि त्याद्वारे अर्ज करणारा विद्यार्थी सरासरी सहाहून अधिक ठिकाणी अर्ज करतो. १९८३ साली एका साप्ताहिकाने महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध केली आणि पुढे ती वार्षिक प्रथा झाली. त्या क्रमवारीत अनेक वर्षे, नाकारलेल्यांचे प्रमाण जितके अधिक तितके महाविद्यालय श्रेष्ठ, असाही एक निकष होता. तो २०१८ साली वगळण्यात आला. या सर्वांतून एक चक्र तयार झाले. प्रवेश अवघड म्हणून अर्ज अधिक. अर्ज अधिक म्हणून प्रवेश आणखी अवघड. या चक्रात सापडलेल्या कुटुंबांनी स्वतःच्या बचावासाठी जी तीन भागांची यादी रूढ केली, तीच ही 'संतुलित' यादी.

या यादीमागचे गणितही पाहण्यासारखे आहे. दहा महाविद्यालयांत प्रत्येकी दहात एक अशी संधी असेल आणि सर्व निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के निघते. म्हणूनच अनेकांना वाटते की नामांकित महाविद्यालयांची संख्या वाढवली की काम झाले. पण निर्णय स्वतंत्र नसतात. तेच गुणपत्रक, तोच निबंध, तीच शिफारसपत्रे दहाही ठिकाणी जातात. एका वाचकाला जे खटकले ते दुसऱ्यालाही खटकण्याचा संभव असतो. दहा अवघड दारे ठोठावणे हा एका सोप्या दाराला पर्याय होत नाही. 'सेफ्टी'चे प्रयोजन हेच की, वरचे सगळे नकार एकदम आले तरी ती जागा त्यांच्याबरोबर कोसळू नये.

मात्र एखादी जागा खात्रीची कशी ठरते? केवळ गुण पुरेसे आहेत म्हणून ती तशी ठरत नाही. प्रवेशाइतकीच पैशाचीही खात्री हवी. अमेरिकेत छापील शुल्क आणि कुटुंबाला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठे अंतर असू शकते. ही रक्कम आधी अजमावता यावी म्हणून महाविद्यालयांना २०११पासून आपल्या संकेतस्थळावर तसे गणकयंत्र ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. ज्या महाविद्यालयाने प्रवेश दिला पण ज्याचा खर्च झेपत नाही, ते यादीत कोणत्याही भागात असले तरी हक्काचे नव्हे. तिसरी अट मनाची आहे. जिथे जायची मुळीच इच्छा नाही, असे नाव केवळ रकाना भरण्यासाठी लिहिले जाते. अनेक महाविद्यालये अर्जदाराने दाखवलेल्या आस्थेचाही विचार करतात. तिथे असा उपेक्षेने भरलेला अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. आणि स्वीकारला गेला, तर पुढची चार वर्षे आपण खालच्या जागी आलो या भावनेत जातात. जी जागा एकासाठी 'सेफ्टी' असते ती दुसऱ्या कोणाचे स्वप्न असते, आणि दोघे एकाच वर्गात शेजारी बसतात, हे या शब्दाच्या वापरात विसरले जाते. यादी खालून वर करावी, असे काही अनुभवी समुपदेशक सांगतात, ते आम्हांला पटते. आधी खात्रीचे, परवडणारे आणि आनंदाने जावेसे वाटेल असे एक नाव शोधावे. स्वप्ने पाहायला मग मन मोकळे राहते.

हा हिशेब कोणाला जमतो, हा यापुढचा आणि अधिक गंभीर प्रश्न. कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी २०१२ साली दाखवून दिले की, उत्तम गुण असलेल्या अल्प-उत्पन्न कुटुंबांतील बहुसंख्य मुले एकाही निवडक महाविद्यालयाकडे अर्ज करीत नाहीत, जरी तिथली आर्थिक मदत धरता ते त्यांना स्वस्त पडले असते. सुखवस्तू घरात यादी वरच्या बाजूला वाढते. गरीब घरात यादी म्हणजे जवळचे एकच नाव असते. अमांडा पॅलिस यांचा २०१५चा अभ्यास याहून बोलका आहे. एसीटी या प्रवेशपरीक्षेचे गुण १९९७पर्यंत तीन महाविद्यालयांना विनामूल्य पाठवता येत; त्या वर्षी ही संख्या चार झाली. चौथ्या प्रतीचा आधीचा खर्च होता सहा डॉलर. या बदलापूर्वी बहुसंख्य मुले नेमकी तीन ठिकाणी गुण पाठवत, नंतर चार ठिकाणी. आणि अल्प-उत्पन्न घरांतील मुले त्यामुळे अधिक निवडक महाविद्यालयांत पोहोचली. सहा डॉलरांचा एक रकाना आयुष्याची दिशा बदलू शकत होता. तो रकाना मोफत झाला याचा अर्थ मुलांनी असा घेतला असावा की चार हीच योग्य संख्या आहे. सल्ला देणारे दुसरे कोणी त्यांच्याजवळ नव्हतेच.

मग माहिती पुरवली की प्रश्न सुटेल काय? हॉक्सबी आणि सारा टर्नर यांनी २०१३ साली मांडलेल्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे सहाच डॉलर खर्चून टपालाने माहिती पाठवण्यात आली आणि परिणाम उत्साहवर्धक दिसले. परंतु पुढे अशीच मोहीम देशव्यापी प्रमाणावर राबवली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष प्रवेशांत दखलपात्र फरक पडला नाही. याउलट मिशिगन विद्यापीठाने २०१५ साली एक वेगळा प्रयोग केला. अल्प-उत्पन्न घरांतील गुणी मुलांना पत्र गेले : तुम्हांला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ राहील, त्यासाठी मदतीचा कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. यांतील बहुतेकांना तेवढी मदत एरवीही मिळालीच असती. पत्राने दिली ती केवळ हमी. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला होता. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी केला. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. माहितीने जे साधले नाही ते वचनाने साधले. त्याच वर्षी आयडाहो राज्याने शालान्त वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना, त्यांनी अर्ज करण्याआधीच, राज्यातील कोणकोणत्या सार्वजनिक महाविद्यालयांत त्यांचा प्रवेश निश्चित आहे हे पत्राने कळवायला सुरुवात केली. पुढे इतर राज्यांनीही हा मार्ग धरला. 'सेफ्टी' येथे पुन्हा हिशेबाकडून हमीकडे वळताना दिसते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या ३,३१,६०२ होती, चीनहूनही अधिक. यांतील बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले. पुण्या-मुंबईच्या सल्लागार संस्थांमधून 'अ‍ॅम्बिशस, मॉडरेट, सेफ' अशी त्रिभागी यादी घेऊन बाहेर पडणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आम्ही शिक्षक म्हणून नेहमी पाहतो; शिफारसपत्रे देणारे आमचे सहकारी त्या यादीतली नावे पाठ म्हणून दाखवतील. जीआरईचे गुण परीक्षेच्या दिवशी चारच ठिकाणी विनामूल्य पाठवता येतात, पाचव्यापासून डॉलर मोजावे लागतात. एसीटीचा तो रकाना येथे वेगळ्या वेषात भेटतो. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. अमेरिकी मुलाच्या यादीखाली निदान त्याच्या राज्याचे एखादे सामुदायिक महाविद्यालय असते. परदेशी विद्यार्थ्याच्या 'सेफ' रकान्याखाली कोणत्याही राज्याची हमी नसते. तिथे असतात घर तारण ठेवून काढलेले कर्ज, बँकेतील शिलकीचा दाखला आणि दूतावासाचा व्हिसा. विद्यापीठाचे स्वीकृतिपत्र आले तरी या तीन गोष्टींपैकी एक निसटली की जागा निसटते. त्यामुळे 'सेफ' हा शब्द येथे सर्वांत सैलपणे वापरला जातो, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती येथेच.

संतुलित यादी करू नये, असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्या व्यवस्थेत दार कधी उघडेल हे कळत नाही, तिथे शहाण्याने एक दार आधी उघडून ठेवावेच. पण ते करताना हे ध्यानात असावे की, ही सावधगिरी निसर्गनियमातून आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी काही संस्थांनी आपला उंबरठा झाकून घेतला, पुढे काही सरकारांनी आपली वचने आखडती घेतली, आणि उरलेली अनिश्चितता सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हाती एका यादीच्या रूपाने ठेवली. ती यादी नीट करता येणे हे कौशल्य आहे, आणि इतर कौशल्यांप्रमाणे तेही आधीच ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे जाते. मराठीत 'हक्काचे' हा शब्द आपण घर, माणूस, जागा यांना लावतो, तेव्हा त्यात आपली हुशारी अभिप्रेत नसते. दुसऱ्या कोणाची तरी बांधिलकी अभिप्रेत असते. महाविद्यालयातील जागेला हा शब्द लावायचा तर ती बांधिलकी कोणाची, हे विचारीत राहिले पाहिजे.